जुन्या डिझेल गाडीचा अल्टरनेटर : नवा बसवावा की जुनाच उघडून दुरुस्त करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी जुनी डिझेल आहे, विद्युतप्रणाली १२ व्होल्टची आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर फिरत नाही आणि बॅटरी नवी घालूनही तक्रार तशीच आहे. इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा दिवसा विझल्यासारखा वाटतो, पण अंधारात पाहिले तर तो मंद जळत असतो. अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, पाठीमागे ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे आणि त्या भागात तेलाचा ओलावा दिसतो. गॅरेजमध्ये सरळ नवा अल्टरनेटर बसवायला सांगितले आहे, आणि जुनाच उघडून नीट करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत असे की बहुधा तो नीट करता येईल आणि करावाही, कारण जुन्या अल्टरनेटरचे तांबे आणि लोखंड सहसा खराब होत नाही. खराब होतात ते ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे), बेअरिंग, डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे भाग) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग), आणि हे चारही बदलता येण्याजोगे असतात. मात्र त्याला दोन अटी आहेत. दोष अल्टरनेटरच्या आतच आहे हे तो गाडीवर असतानाच मल्टिमीटरने सिद्ध झाले पाहिजे. आणि एकदा उघडल्यावर केवळ बिघडलेला भाग नव्हे, तर झिजणारे सर्व भाग एकाच वेळी बदलले पाहिजेत. नुसते ब्रश बदलून बंद केलेला अल्टरनेटर काही महिन्यांत बेअरिंगसाठी पुन्हा खाली उतरवावा लागतो, आणि तसेच करायचे असेल तर नवा घेतलेला बरा.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला पहिला संशय डायोडचा येतो. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज मुळात उलटसुलट दिशेने वाहणारी असते. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर वाइंडिंगच्या, तीन फेजमधून (वेढ्यांच्या तीन गटांतून) ती निघते आणि सहा मोठे डायोड तिला एकाच दिशेने बॅटरीकडे सोडतात. सिलिकॉनचे असे डायोड उपलब्ध झाले तेव्हाच डायनॅमोची, म्हणजे गाडीतल्या आधीच्या वीज तयार करणाऱ्या यंत्राची, जागा अल्टरनेटरला घेता आली. १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत क्रायस्लर कंपनीने तो बसवला आणि पुढच्या काही वर्षांत डायनॅमो मागे पडत गेला. त्या काळापासून पुढे बनलेल्या पुष्कळ अल्टरनेटरमध्ये सहा मोठ्या डायोडखेरीज तीन लहान डायोड असतात. ते रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, फील्ड कॉइलला (चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलला) वीज पुरवतात, आणि त्यांच्याच टोकाला, म्हणजे डी प्लस या टर्मिनलला, डॅशबोर्डवरच्या दिव्याची वायर जोडलेली असते. दिव्याच्या एका बाजूला इग्निशन स्विचमधून येणारी बॅटरीची वीज आणि दुसऱ्या बाजूला डी प्लस अशी ही जोडणी असते. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे झाले की दिवा विझतो. तो मंद जळतो याचा अर्थ दोन्हींत एखाद-दोन व्होल्टचा फरक उरला आहे.

आता यातला धन बाजूचा एखादा मोठा डायोड शॉर्ट झाला आहे असे धरा. गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज त्या डायोडमधून उलटी आत शिरते, स्टेटरच्या वाइंडिंगमधून लहान डायोडकडे जाते, तिथून रोटरच्या कॉइलमध्ये आणि रेग्युलेटरमार्गे अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला, पोहोचते. हा प्रवाह २ ते ४ अँपिअरपर्यंत असू शकतो. १० तासांत २० ते ४० अँपिअर-तास निघून गेले तर चांगली बॅटरीही सकाळी स्टार्टर फिरवू शकणार नाही. या दोषाची एक सोपी खूण आहे. इग्निशन बंद करून गाडी तासभर उभी ठेवा आणि स्क्रू-ड्रायव्हरचे लोखंडी टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ न्या. तिथे थोडेफार चुंबकत्व नेहमीच शिल्लक असते, पण टोक जोराने ओढले जाऊन नटाला चिकटत असेल तर रोटरमध्ये वीज वाहते आहे हे नक्की समजावे. सकाळी थंड इंजिनवर एकटा अल्टरनेटर कोमट लागत असेल तर त्याचाही अर्थ हाच.

तरीही एवढ्यावरून पाना हातात घेऊ नये. प्रथम बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली कोणतीही चाचणी फसवी ठरते. भरलेली बॅटरी काही तास तशीच ठेवल्यावर तिच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. नंतर इंजिन सुरू करून वेग मिनिटाला साधारण १,५०० ते २,००० फेऱ्यांवर ठेवा. आता बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५ च्याच जवळपास राहिले तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर किंवा त्याची अर्थची जोडणी बिघडली आहे, आणि अशी गाडी चालवत राहिल्यास बॅटरीतले पाणी उकळून जाईल. त्याच वेळी मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर किती तरंग, म्हणजे एसीचा अंश, येतो ते पाहा. हेडलाइट चालू ठेवून तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर डायोडचा दोष जवळपास सिद्ध होतो. ही चाचणी इंजिन आणि अल्टरनेटर चांगले तापल्यावर घ्यावी, कारण काही डायोड थंड असताना निर्दोष असतात आणि तापल्यावरच गळू लागतात.

यानंतरची चाचणी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते आणि तिच्यामुळेच सर्वांत जास्त चांगले अल्टरनेटर भंगारात जातात. इंजिन चालू असताना, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर (बॅटरीकडे जाणारी जाड वायर तिथे जोडलेली असते) आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवा. फरक ०.३ व्होल्टच्या आत असला पाहिजे. मग एक पिन अल्टरनेटरच्या कव्हरवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर ठेवून तसेच मोजा, इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक चालणार नाही. जुन्या गाडीत बी प्लसची वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण थिंबळीजवळ, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीजवळ, आवरण दोन बोटे सोलून पाहिले तर तांब्याच्या तारा हिरव्या किंवा काळ्या पडलेल्या सापडतात. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली असते, किंवा एखाद्या जुन्या दुरुस्तीनंतर परत लावलेलीच नसते. हे दोष कायम ठेवून नवा अल्टरनेटर बसवला तर लक्षणे तशीच राहतात आणि दोष नव्या वस्तूला दिला जातो. आपल्या बाबतीत इग्निशन स्विचचाही विचार करावा, कारण त्याचे आतले पॉइंट झिजल्याने दिव्याकडे येणारे व्होल्टेज कमी पडले तरी दिवा मंद जळतो. मात्र त्यामुळे रात्रीत बॅटरी उतरत नाही.

शेवटची बाहेरची चाचणी गळतीची. गाडी बंद, दारे बंद, किल्ली काढलेली, अशा स्थितीत बॅटरीची ऋण केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नये. चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह दिसावा. २-३ अँपिअर दिसले तर मीटर सोडवा, बॅटरी पूर्ण अलग करा, अल्टरनेटरवरच्या सर्व वायर काढून त्यांची टोके इन्सुलेशन टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. प्रवाह एकदम खाली आला तर गुन्हेगार सापडला, आणि आता अल्टरनेटर उतरवायला हरकत नाही.

इथे एक इशारा देणे मला अत्यंत आवश्यक वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून गाडी चालू राहते का ते पाहण्याची पद्धत डायनॅमोच्या काळापासून चालत आली आहे आणि ती अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते. अल्टरनेटरवर ही चाचणी कधीही करू नये. बॅटरी अचानक अलग झाली की रोटरचे चुंबकत्व त्याच क्षणी नाहीसे होऊ शकत नाही, आणि वीज सामावून घेणारी बॅटरी नसल्यामुळे व्होल्टेज क्षणार्धात उसळते. ते १०० व्होल्टच्या पलीकडेही जाऊ शकते. चांगले डायोड आणि रेग्युलेटर त्यात जळतात. गाडीला वेल्डिंग करताना अल्टरनेटरच्या वायर काढून ठेवाव्यात आणि बॅटरी उलटी जोडली जाणार नाही याची काळजी घ्यावी, ही पथ्येही याच कारणासाठी आहेत.

उतरवण्याचे काम फारसे अवघड नाही. आधी बॅटरीची ऋण केबल काढावी, कारण बी प्लसच्या बोल्टवर थेट बॅटरीची वीज असते आणि तिथे पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. प्रत्येक वायर काढण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे किंवा तिला चिठ्ठी बांधावी. व्हॅक्यूम पंपाला तेल आणणारी बारीक नळी, तेल परत नेणारी जाड नळी आणि ब्रेक बूस्टरकडे (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची नळी अशा तीन नळ्या सापडतील. तिन्हींची तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. तेलाच्या नळीच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नयेत.

उघडण्याआधी पुढचे कव्हर, स्टेटर आणि मागचे कव्हर यांच्यावरून आडवी जाणारी एक रेघ टोच्याने ओढून ठेवावी, म्हणजे जोडताना टर्मिनलांचे तोंड आणि माउंटिंगचा (इंजिनवर बसवण्याचा) कान आपापल्या जागी येतील. पंप आधी सोडवावा. पुलीचा नट काढताना पंख्याला किंवा पुलीच्या कडेला शिकंज्यात धरू नये. पंख्याची पाती वाकतात आणि नंतर आवाज करतात. एक जुना बेल्ट पुलीच्या खाचेत गुंडाळून तो शिकंज्यात आवळला की पुली न दुखावता धरली जाते. शाफ्टवर अर्धगोल चावी असेल तर ती जपून ठेवावी. ब्रशचा होल्डर बाहेरून निघत असेल तर तो सर्वांत आधी काढावा, नाहीतर कव्हर वेगळे होताना ब्रश तुटतात. लांब स्क्रू अॅल्युमिनिअमच्या कव्हरमध्ये गंजून बसलेले असतात. त्यांना आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे आणि हातोडीने मारायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवावेत. कव्हर आणि स्टेटर यांच्यामध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालावा लागलाच तर तो जेमतेम दोन मिलिमीटर आत जाऊ द्यावा. स्टेटरची वाइंडिंग त्या फटीच्या अगदी लगत असते आणि तारेवरचा वार्निशचा थर एका ओरखड्याने निघतो.

आता तपासणीचा क्रम रोटरपासून धरावा. दोन्ही स्लिप रिंगांवर, म्हणजे ब्रश ज्यांवर घासतात त्या शाफ्टवरच्या कड्यांवर, मीटरच्या पिना ठेवून रोध मोजा. १२ व्होल्टच्या बहुतेक रोटरमध्ये तो २.५ ते ४ ओहमच्या दरम्यान येतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्यातून वजा करायला विसरू नये, कारण इतक्या लहान आकड्यात तोही फरक पाडतो. रोध फारच कमी असेल तर कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट झालेले आहेत, आणि अशा रोटरवर बसवलेला नवा रेग्युलेटरही जळेल. काहीच जोड दिसत नसेल तर निराश होण्याआधी कॉइलची तार स्लिप रिंगला जिथे सोल्डर केलेली असते तो सांधा पाहा. पुष्कळदा तुटलेला असतो तो तेवढाच, आणि तो पुन्हा सोल्डर करता येतो. स्लिप रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र मुळीच जोड दिसता कामा नये. रिंगेवरून नख फिरवले असता खाच जाणवत नसेल, तर रोटर फिरवत ठेवून बारीक पॉलिश पेपरने ती स्वच्छ करणे पुरेसे असते. एकाच जागी घासल्यास तिथे सपाट भाग तयार होतो आणि ब्रश उडू लागतो. खोल खाच असेल तर लेथवर हलका कट घ्यावा लागतो, आणि धातूच उरला नसेल तर नव्या रिंगा बसवाव्या लागतात.

स्टेटरच्या बाबतीत मीटरची फारशी मदत होत नाही. तिन्ही फेज एकमेकींशी जोडलेल्या आहेत आणि लोखंडी गाभ्याशी जोडलेल्या नाहीत, एवढे तो सांगतो. पण वेढ्यांचा रोध इतका कमी असतो की आतला शॉर्ट साध्या मीटरवर ओळखता येत नाही. इथे डोळे आणि नाक जास्त उपयोगी पडतात. तिन्ही फेजचे वार्निश एकसारखे तपकिरी असेल तर ठीक. एकच फेज कोळशासारखी काळी पडलेली असेल आणि जळका वास येत असेल तर तो स्टेटर गेला. डायोड शॉर्ट असताना गाडी बराच काळ चालवली असेल तर असे होते, म्हणून आपण हे काम लांबणीवर टाकू नये असे मी सुचवेन.

डायोड तपासताना स्टेटरची तीन टोके डायोड बसवलेल्या प्लेटपासून सोडवलीच पाहिजेत, नाहीतर एका डायोडचा दोष वाइंडिंगमार्गे बाकीच्यांवर दिसतो आणि कोणता डायोड गेला ते कळत नाही. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एका दिशेने साधारण ०.४ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच नाही असे वाचन यावे. दोन्ही दिशांनी जोड दिसली तर तो शॉर्ट, एकाही दिशेने दिसली नाही तर तो उघडा, म्हणजे आतून तुटलेला. एक डायोड गेलेला सापडला तर मी पूर्ण प्लेट बदलतो, कारण बाकीच्या डायोडनीही तोच ताप आणि तोच काळ सोसलेला असतो. जिथे प्लेट मिळत नाही आणि दाबून बसवलेले सुटे डायोडच बदलावे लागतात, तिथे धन आणि ऋण डायोड दिसायला सारखेच असतात याकडे लक्ष असू द्यावे. सोल्डर करताना डायोडच्या पायाला चिमटा लावून ठेवावा, म्हणजे उष्णता आत जाण्याआधी चिमटा ती ओढून घेतो. आणि धन प्लेट कव्हरपासून अलग ठेवणारे इन्सुलेशनचे वॉशर व नळकांडी उघडताना कोणत्या क्रमाने निघाली ते लिहून ठेवावे. त्यातला एक वॉशर जरी राहून गेला तर बॅटरीची धन बाजू थेट इंजिनच्या अंगाला जोडली जाते, आणि केबल लावता क्षणी वायरिंग पेटू शकते. जोडणी पूर्ण झाल्यावर, गाडीवर चढवण्याआधी, बी प्लस आणि कव्हर यांच्यात दोन्ही दिशांनी डायोडची चाचणी पुन्हा घ्यावी ती यासाठीच.

ब्रश होल्डरबाहेर ५ मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर ते संपले असे समजावे. नवे ब्रश सोल्डर करताना कथील ब्रशच्या वेणीदार तारेत वर चढू देऊ नये. चढले तर वेणी ताठ होते, ब्रश खाचेत अडकतो आणि नवे ब्रश घालूनही चार्जिंग मधूनच बंद पडते. हा दोष नंतर शोधणे फार त्रासाचे असते. रेग्युलेटर ब्रशहोल्डरसह एकत्र येत असेल तर तो बदलूनच टाकावा.

बेअरिंग आवाज करत नसली तरी दोन्ही बदलावीत. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली, उष्णतेने फुगण्यासाठी आत थोडी जास्त मोकळीक ठेवलेली, म्हणजे सी३ खूण असलेली बेअरिंग घ्यावीत. अल्टरनेटर इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो आणि साधी बेअरिंग तिथे टिकत नाहीत. जुने बेअरिंग पुलरने काढावे. नवे शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर आणि कव्हरमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. चुकीच्या कड्यावर दाब दिला तर गोळ्यांचे ठसे कड्यावर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून गुणगुणू लागते. मागच्या बेअरिंगच्या घरात प्लास्टिकची बांगडी किंवा लहरदार पट्टी असेल तर तीही नवी घालावी. ती नसताना बाहेरचे कडे घरातच फिरू लागते, घर मोठे होते आणि रोटर स्टेटरला घासू लागतो.

तेलाच्या ओलाव्याकडे आपण दुर्लक्ष करू नये. माझ्या मते डायोड आणि ब्रश यांच्या आधी तिथूनच बिघाड सुरू झाला असण्याची शक्यता बरीच आहे. पंप आणि अल्टरनेटर यांच्यामधले तेलाचे सील कडक झाले की तेल मागच्या कव्हरमध्ये झिरपते, ब्रशच्या कार्बनच्या भुकटीत मिसळते आणि त्याचा काळा, चिकट लेप स्लिप रिंगांवर आणि डायोडच्या प्लेटवर बसतो. हा लेप वीज वाहून नेतो, उष्णता अडवतो आणि ब्रशला खाचेत जखडून ठेवतो. सील बदलणे हा उपाय अर्धाच आहे. तेल परत नेणारी जाड नळी आतून फुगलेली, पिळलेली किंवा गाळाने अरुंद झालेली असेल तर पंपात तेल तुंबते आणि नवे सीलही गळू लागते, म्हणून ती नळी नवीच घालावी. पंपाची पाती झिजली असतील किंवा अंतर्भागावर चरे पडले असतील तर पंप बदलावा. इथे प्रश्न ब्रेकचा आहे आणि काटकसरीला जागा नाही. साफसफाई करताना रोटर आणि स्टेटर पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवू नयेत. इलेक्ट्रिकल क्लीनर आणि मऊ ब्रश वापरून लेप काढावा आणि भाग उबदार जागी पूर्ण वाळू द्यावेत.

उघडल्यानंतर नवाच घ्यावा असा निर्णय कधी करावा, हेही स्पष्ट सांगतो. स्टेटर जळालेला, रोटरची कॉइल आतून शॉर्ट झालेली, बेअरिंगचे घर मोठे झालेले किंवा माउंटिंगचा कान तडकलेला, यांपैकी एक गोष्ट असेल तर विचार करावा. दोन असतील तर जुन्यात पैसे घालू नयेत. स्टेटर पुन्हा भरून मिळतो, पण तारेची जाडी, वेढे आणि वार्निश अचूक असेल तरच तो टिकतो, आणि असे काम करणारे कारागीर आता कमी आहेत.

नवा किंवा कारखान्यात पुन्हा बांधलेला अल्टरनेटर घेताना अँपिअरचा आकडा पाहून भागत नाही. माउंटिंगच्या कानांमधले अंतर, पुलीच्या खाचेची रुंदी आणि कव्हरपासूनचे तिचे अंतर, टर्मिनलांचा प्रकार, दिव्याची जोडणी आणि पंपाची फिरण्याची दिशा हे सर्व जुन्याशी ताडून पाहावे. अल्टरनेटर कोणत्याही दिशेने फिरला तरी वीज देतो, पण पंख्याची वाकडी पाती आणि व्हॅक्यूम पंप एकाच दिशेसाठी बनलेले असतात. टॅकोमीटरची (इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरची) वायर अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर असेल तर नव्यालाही ते हवे.

जास्त अँपिअरचा अल्टरनेटर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. १४ व्होल्टवर १०० अँपिअर म्हणजे १,४०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर पुलीवर सुमारे अडीच किलोवॉट शक्ती लागते. एकेरी जुना व्ही बेल्ट एवढा भार घेताना घसरतो आणि स्वतःबरोबर पाण्याच्या पंपालाही उपाशी ठेवतो. बी प्लसची मूळ वायरही तेवढ्या प्रवाहासाठी नसते. डॅशबोर्डवर जुन्या पद्धतीचा अँमीटर असेल आणि सर्व प्रवाह त्यातून जात असेल तर धोका आणखी वाढतो, कारण त्याची जोडणी तापून डॅशबोर्डच्या मागे आग लागू शकते. वायर, फ्यूज आणि पुली बदलायची तयारी नसेल तर मूळ क्षमतेचाच अल्टरनेटर ठेवावा.

परत बसवताना पुली इंजिनच्या पुलीच्या सरळ रेषेत आहे का ते सरळ पट्टी लावून पाहावे. व्ही बेल्ट खाचेच्या दोन्ही भिंतींवर बसला पाहिजे. तो तळाला टेकत असेल आणि तिथे खाच चकाकत असेल तर बेल्ट किंवा पुली झिजली आहे. बेल्ट ताणताना पहार लावायचीच असेल तर ती पुढच्या कव्हरवर लावावी, स्टेटरवर किंवा मागच्या कव्हरवर कधीही नाही. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट १० ते १२ मिलिमीटर दबावा. फार ताणलेला बेल्ट नवे बेअरिंग लवकर खातो, आणि नवा बेल्ट थोडे दिवस चालल्यावर सैल पडतो, म्हणून तो पुन्हा ताणून घ्यावा. नळी जोडण्याआधी पंपाच्या तोंडात थोडे स्वच्छ इंजिन तेल घालून पुली हाताने काही फेरे फिरवावी, म्हणजे पाती कोरडी सुरू होणार नाहीत.

दिव्याच्या बल्बबद्दलही एक सांगायला हवे. सुरुवातीला रोटरला जी वीज मिळते ती याच बल्बमधून येते. त्या जागी कोणी एलईडी बसवली असेल तर तिच्यातून इतका कमी प्रवाह जातो की इंजिन बराच वेग घेईपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. तिथे मूळ वॉटचा साधा बल्बच हवा.

सर्व जोडून झाल्यावर बॅटरी चार्जरवर भरूनच गाडी सुरू करावी; रिकामी बॅटरी भरण्याचे काम नुकत्याच बांधलेल्या अल्टरनेटरवर टाकले तर तो पहिल्याच तासात कमाल प्रवाहावर तापतो. गाडी सुरू करतानाच प्रथम ब्रेकची खात्री करावी : इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करावे आणि दाबूनच ठेवून इंजिन सुरू करावे, पंप व्हॅक्यूम तयार करत असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली जाते. त्यानंतर आधीच्या सर्व चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा घ्याव्यात आणि आकडे लिहून ठेवावेत. अंधारात दिवा पूर्ण विझलेला दिसला पाहिजे. १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत आहेत, तरंग अर्ध्या व्होल्टच्या आत आहे आणि गाडी बंद असताना गळती ५० मिलिअँपिअरखाली आली आहे, असे दिसले तर अल्टरनेटरचे काम संपले. गळती तरीही जास्त असेल तर मीटर तसाच जोडून एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली पडतो त्या सर्किटमध्ये दुसरा दोष आहे, आणि जुन्या गाडीत असा दुसरा दोष निघणे मुळीच दुर्मीळ नाही.